जॉबर ज्यांच्याकडे पाठ करतो

परळ,
१८ मे २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम वि. वि. तू डोंगरात सुखरूप पोचलास हे खालच्या गावातून केलेल्या तुझ्या तुटक फोनवरून कळलं. आता मेंढपाळ सप्टेंबरात खाली उतरेपर्यंत फोन नाही, पत्रच लिहायचं, असं म्हणालास. लिहिते. पोस्टाची तिकिटं मागितली तर ऑफिसातला शिपाईसुद्धा हसला. मेंढ्यांचा डॉक्टर भाऊ असला की बहिणीचं असंच हसं होतं.

नायगावची चाळ रिकामी करून आम्ही इथे भाड्याच्या जागेत आलो. नवी इमारत उभी राहीपर्यंत इथेच. चौथा मजला, लिफ्ट, घरात संडास-बाथरूम, सगळं आहे. फक्त दार बंद ठेवावं लागतं, आणि तेच बाबांना जमत नाही. सकाळी उठले की दार सताड उघडतात, खुर्ची दारात टाकतात आणि कोण जातंय बघत बसतात. कुणीच जात नाही. आपल्या गॅलरीतून दिवसभरात अर्धं नायगाव जायचं, आणि जाता जाता कांदा मागायचं.

पण मुख्य तक्रार तुझ्या कुत्र्याची आहे. तुझ्याच म्हणणार, कारण दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून ते काळं पिल्लू तूच डोंगरातून आणलंस. बाबांनी ठेवून घेतलं. मिलमध्ये कापड विणणाऱ्या साच्यांमधून फेऱ्या मारत कामगारांवर नजर ठेवणाऱ्या जॉबरसारखं गॅलरीत फिरतं म्हणून त्याचं नाव जॉबर ठेवलं, तेव्हा तू पोट धरून हसला होतास. आता तो माझ्या कमरेला लागतो. चाळीत त्याच्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. शेजारच्या प्रितीची श्रेया त्याच्या पाठीवर वही ठेवून गणितं करायची. इथे मात्र लिफ्टचं दार वाजलं की हा उठतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि असा गुरगुरतो की समोरच्या घरी येणारा पेपरवाला पेपर जिन्यातच टाकून पळतो. बाबा जातील तिथे त्यांच्या मागे. संडासाच्या दाराशीसुद्धा बसून राहतो. बाबा बाहेर निघाले की त्यांच्या पायांत आडवा पडतो. बाबा वैतागतात, पण ओलांडून जातात.

सोसायटीचे सेक्रेटरी सहाव्या मजल्यावरचे हेरंब करंदीकर आहेत, रिटायर्ड गृहस्थ, फार अदबीने बोलतात. त्यांनी दोनदा येऊन सांगितलं की लोक घाबरतात. आम्ही पडलो भाडेकरू, जास्त ताणून चालायचं नाही. म्हणून मी शंतनु नावाचा एक ट्रेनर लावला. मुलगा चांगला आहे. गुरगुरला की पट्ट्याला हिसका आणि तोंडावर पाण्याचा फवारा, एवढंच करतो. सांगायला आनंद वाटतो की जॉबर आता गुरगुरत नाही. भुंकणंही जवळजवळ थांबलंय. नुसता उभा राहून बघतो. सभ्य झालाय अगदी.

तरी मला एक कळत नाही रे. जो दोन वर्षं गाईसारखा होता तो एकदम असा का झाला? रक्तातच होतं का? सवडीने लिही.

लोभ आहेच, तो वाढव, आणि तुझ्या मेंढ्यांनाही माझा जयभीम सांग.

तुझी,
मानसी


कुगती गावाच्या वरचा मेंढपाळांचा डेरा,
१ जून

चि. मानसीस,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मीठ घेऊन येणाऱ्या खेचरांबरोबर आलं, म्हणून त्याला मिठाचा वास होता. चारदा वाचलं. इथे वाचायला दुसरं आहे काय!

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समोर उन्हात झोपलंय. या डेऱ्यावर जॉबरच्या जातीची तीन कुत्री आहेत. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, कारण बिबट्या मान धरतो. परवा धुक्यातून अस्वल आलं. मी जागचा हललो नाही, धीराने नव्हे, भीतीने, खोटं कशाला सांगू. पण मला त्यातला क्रम बघायला मिळाला. आधी कुत्री भुंकली. मग मेंढ्या आणि अस्वल यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मग गुरगुरली. मग चार पावलं धावून गेली आणि परत आली. अस्वलाने थोडा विचार केला आणि वाट बदलली. चावाचावी झालीच नाही. या कुत्र्यांचं निम्म्याहून जास्त काम आवाजावर चालतं. त्यांचा राग जिन्यासारखा आहे, एकेक पायरी चढत वर जातो, आणि समोरच्याला प्रत्येक पायरीवर माघारी फिरायची संधी असते. दात ही शेवटची पायरी.

म्हणून मानसी, ते हिसके आणि फवारे आजच्या आज बंद कर. शंतनुने त्याचा राग काढलेला नाही, फक्त मधल्या पायऱ्या काढल्यात. न गुरगुरणारा जॉबर सभ्य झालेला नाही. तो आता सांगणार नाही, एवढंच झालंय. मला याची खरंच भीती वाटते.

आणि रक्तात काय आहे तेही सांगतो. ही पिल्लं डोळे उघडल्यापासून मेंढ्यांत वाढतात, त्यामुळे मेंढ्या त्यांच्या होतात. जॉबर वाढला आपल्या गॅलरीत. तेव्हा त्याचा कळप कोण, ते तूच ओळख. श्रेया, प्रिती, बाबा आणि तू, म्हणजे जरा उनाड मेंढी. दोन वर्षांचा होईपर्यंत हा कुत्रा पोर असतो. मग एक दिवस कामावर रुजू होतो. नेमकं तेव्हाच तुम्ही त्याचा कळप फोडलात आणि उरलेल्याला दार बंद करून ठेवलंत. त्याला वाटणार की इथे काहीतरी भानगड आहे.

एक गंमत करून बघ. आपण नेहमी बघतो की तो कुणावर भुंकतो. इथले लोक ते बघतच नाहीत. तो कुणाकडे पाठ करून उभा आहे, हे बघतात. राखण करणारा कुत्रा ज्याला राखतो त्याच्याकडे कधी तोंड करत नाही. ज्याच्याकडे पाठ, तो त्याचा. बघ आणि मला कळव, मला फार उत्सुकता आहे.

बाबांना जयभीम. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, फक्त उंचीवरून पाठवल्याने जरा गार लागेल.

तुझा,
संघर्ष दादा


परळ,
४ जून

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण जॉबर चावला.

परवा संध्याकाळी मी ऑफिसातून आले, लिफ्ट वर गेलेली म्हणून जिन्याने चढत होते. चौथ्या मजल्यावर पोचले तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत बाबा आणि करंदीकर. करंदीकरांनी बाबांचा दंड धरला होता, आणि आपलं दार, अर्थातच, उघडं. जॉबर आला, भुंकला नाही, गुरगुरला नाही, सरळ करंदीकरांचा हात धरला. बाबा ओरडले तसा सोडला. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. टाके पडले. जॉबरची सगळी इंजेक्शनं झालेली आहेत, तरी त्यांना पुढची घ्यावी लागणार. मी हॉस्पिटलात त्यांच्या बायकोच्या, लतिकाताईंच्या, शेजारी बसून रडले. त्याच माझी समजूत काढत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा म्हणाले की खाली फिरायला गेलो होतो, करंदीकर लिफ्टमध्ये भेटले. करंदीकरही तेच म्हणाले. स्वतः त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण बाकीची बिल्डिंग पेटली आहे. सहा जुलैच्या रविवारी सभा आहे. कुत्रा जाईल किंवा आम्ही. ऑफिसातल्या ध्रुवच्या ओळखीने शहापूरला एक शेळ्यांचं फार्म बघितलंय, ते न्यायला तयार आहेत. निदान त्याच्या जातीचं काम मिळेल, अशी मी मनाची समजूत घालते.

ज्याने कुणाच्या कुत्र्याला कधी दगड मारला नाही, अशा माणसाला चावला रे. आता मलाच त्याची भीती वाटते. बाबा मात्र त्याला भाकरी भरवत असतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

पत्र मिळताच लिही.

मानसी


डेरा,
१७ जून

चि. मानसीस,

अनेक आशीर्वाद. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं तेव्हा तुझ्या मनाचं काय झालं असेल, ते मी समजू शकतो. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तू शेजाऱ्यांचा विचार केलास, चाळीतल्या कुणीही हेच केलं असतं.

शहापूरला पाठवू नकोस. मोठ्या झालेल्या या कुत्र्याला नवा कळप देता येत नाही. शेळ्या त्याच्या कुणी नाहीत. तो तार तोडून परळ शोधत निघेल आणि हायवेवर संपेल. हे मी भाऊ म्हणून नाही, डॉक्टर म्हणून लिहितो आहे.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच. इथे कळप चालू लागला की थोरली कुत्री सगळ्यांबरोबर जात नाही. एक म्हातारी मेंढी आहे, ती मधेच भलतीकडे वळते आणि उभी राहते. कुत्री तिच्यापाशी थांबते. पुढून आडवी होते. कळपातलं कोण आजारी आहे हे मला तपासून कळतं त्याच्या आधी ही कुत्री कुणापाशी बसली आहे त्यावरून कळतं. काल तिला बघता बघता मला तुझं पहिलं पत्र आठवलं. जॉबर बाबांना संडासाच्या दाराशीसुद्धा एकटं सोडत नाही. बाबा बाहेर निघाले की आडवा पडतो. तुझ्यामागे तर असा फिरत नाही ना?

मानसी, बाबा कसे आहेत? तब्येतीचं विचारत नाही. करंदीकरांनी त्यांचा दंड का धरला होता, ते विचार.

आणि करंदीकर तयार असतील तर त्यांना घरी बोलव. जॉबरला पट्टा आणि तोंडाला जाळी घालून बाबांजवळ बसव. करंदीकरांनी त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, बाबांशी गप्पा मारायच्या, चहा घ्यायचा आणि जायचं. रोज. इथे नवा माणूस असाच कळपात येतो. वेळ लागतो.

तुझा काळजीत पडलेला,
दादा


परळ,
२९ जून

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचल्यापासून मी जॉबरच्या तोंडाकडे बघायचं सोडून पाठीकडे बघत होते. दुसरं आलं तोवर मला दिसलं होतं, फक्त अर्थ लागत नव्हता. खुर्ची दारात असो की खिडकीत, जॉबरची पाठ बाबांकडेच. मी स्वयंपाकघरात असले तर माझ्याकडे तोंड करून शेपटी हलवतो, म्हणजे मी त्याच्या हिशेबात स्वतःचं बघून घेणारी दिसते.

काल मी सहाव्या मजल्यावर जाऊन विचारलं. करंदीकर म्हणाले की कुणाला तरी शब्द दिला आहे. लतिकाताईंना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्ही राहायला आलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी बाबा त्यांच्या घरात शिरले. बेल नाही, टकटक नाही. चाळीत कोण कुणाचं दार वाजवतो? लतिकाताईंना वाटलं, ओळख करून घ्यायला आले. त्यांनी चहा केला. बाबांनी मिलच्या गोष्टी सांगितल्या, करंदीकर मन लावून ऐकत होते. मग बाबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं की आमची ही बाजारातून अजून कशी आली नाही. दादा, आईला जाऊन पाच वर्षं होतील. बाबा त्यांच्याच घराला आपलं घर समजत होते. सगळे मजले एकसारखे, सगळी दारं एकसारखी.

थोड्या वेळाने बाबा भानावर आले. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी करंदीकरांचे हात धरले आणि पोरीला सांगू नका म्हणाले. करंदीकरांनी शब्द दिला. तेव्हापासून बाबा चुकले की ते त्यांना दंड धरून लिफ्टने खाली आणून सोडायचे. त्या संध्याकाळीही तेच. बाबांना यायचं नव्हतं, ते हात सोडवत होते. आणि दारातून जॉबरने एवढंच पाहिलं की कुणीतरी आपल्या माणसाला ओढतंय.

चावा खाऊनही त्या माणसाने शब्द मोडला नाही रे. मी त्यांच्या पाया पडले. जयभीमवाली असूनही पडले, बाबांना सांगू नकोस.

मला माझा राग येतो. एकाच घरात राहून मला जे दिसलं नाही ते एका कुत्र्याला दिसलं. गॅसवर चहा दोनदा चढायचा, मी हसण्यावारी न्यायचे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दारावर पंचशील झेंड्याच्या रंगांचं तोरण लावलंय, म्हणजे बाबांना आपलं दार ओळखू येईल.

आता पेच असा आहे. सभेत खरं सांगितलं तर जॉबर वाचेल. पण मग बाबांचं काय? मिलच्या संपात घरात दाणा नसताना ज्यांनी कुणासमोर मान खाली घातली नाही, त्यांना मी चाळीस घरांसमोर विसरभोळा म्हातारा म्हणून उभं करू? करंदीकर म्हणतात की बाबांनी मोकळं केल्याशिवाय ते तोंड उघडणार नाहीत. मीही नाही उघडणार. मी जॉबरला पाठवते. तू लिहिलेलं सगळं वाचूनही पाठवते. तू मला माफ कर.

रविवारी सभा आहे. तुझं उत्तर तोवर येणार नाही, हे माहीत असूनही रोज वाट बघते.

तुझी,
मानसी


परळ,
३ ऑगस्ट

चि. संघर्ष यास,

कोंडीरामचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. पत्रास कारण की तुझी बहीण सगळं तुला कळवते आणि मला वाटतं की मला काही कळत नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणून मीच लिहितो. हात जरा कापतो, समजून घे. एखादी गोष्ट दोनदा लिहिली गेली तर एकदाच वाच.

सभेच्या आदल्या दिवशी जॉबरची ताटली, पट्टा आणि चादर पिशवीत भरलेली दिसली. मी मानसीला विचारलं तर ती कांदा चिरायला लागली. घरात कांदा काल चिरलेला होता. मग मी तिच्या उशीखालची पत्रंबित्रं शोधत बसलो नाही, सरळ सहाव्या मजल्यावर गेलो. या वेळी समजून उमजून गेलो, आणि बेल वाजवली. करंदीकरांना म्हटलं, तुमचा शब्द मी तुम्हाला परत करतो.

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. मानसी माझा सदरा मागून ओढत होती. मी उभा राहिलो. सांगितलं की मी कोंडीराम, चौथा मजला, मला कधीकधी माझं घर सापडत नाही. सगळे खाली बघायला लागले. मी म्हटलं, अहो खाली काय बघता, यात लाज मला वाटायला पाहिजे आणि ती मी घरी ठेवून आलोय. मिलमध्ये आमच्या खात्यात एखाद्याला चालू साच्यापाशी भोवळ आली तर जॉबर साचा बंद करून त्याच्याजवळ उभा राहायचा. त्याला कुणी हसत नसे, कारण उद्या ती पाळी कुणाचीही असायची. माझा जॉबर तेवढंच करत होता. आमच्या हातून चूक झाली ती अशी की आम्ही त्याची बोंब मारायची सोय काढून घेतली. ज्यांचा हात फाटला ते माझं घर मला दाखवत होते. आता काय ठरवायचं ते ठरवा.

मग करंदीकर उठले. बाही वर करून टाक्यांचे वण सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले की हा हात माझा आहे, तेव्हा पहिलं मत माझं. कुत्रा राहील.

कटकटी आहेत. लिफ्टमध्ये तोंडाला जाळी, दाराला आतून लहान फाटक, आणि शंतनु आता त्याला उलट शिकवतो की भुंक, मग गप्प बस. त्या पोराने तुझी पत्रं मागून नेली आणि वाचून परत आणून दिली. पेपरवाला मात्र अजून जिन्यातच पेपर टाकतो. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या. म्हणाले की हे थांबणार नाही, हळू जाईल. ठीक आहे. साथीला माणसं असली की हळू चाललेलं बरं वाटतं. दारावर मानसीने रंगीत तोरण लावलंय, ते छान आहे.

तू सांगितलंस तसे करंदीकर रोज संध्याकाळी येतात. जॉबरकडे बघत नाहीत. मी मिलच्या गोष्टी सांगतो, त्याच त्याच असतील, पण ते प्रत्येक वेळी नव्याने विचारतात. जॉबर त्यांच्याकडे तोंड करून, डोळ्यांत डोळे घालून बसायचा. महिना होत आला.

मी तुला एक सांगू? हा माझ्याकडे पाठ करून बसतो याचं मला वाईट वाटायचं. वाटायचं की मी काहीतरी विसरलो म्हणून रुसलाय. मानसीने तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

काल संध्याकाळी करंदीकर आले, माझ्या बाजूला बसले. चहा आला. लिफ्टचं दार वाजलं तसा जॉबर उठला. एकदा भुंकला. मग आमच्या दोघांच्या मधून पुढे गेला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. त्याची पाठ दोघांच्या बरोबर समोर होती. करंदीकरांनी टाक्यांचा हात मांडीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. मी बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, घ्या चहा, लागलात तुम्हीही जॉबरच्या खात्यात.

मानसीचं मन राखत जा, ती फार कष्टते. मेंढरं नीट उतरव आणि तूही उतर. माझी माया तुझ्यावर आहे, ती या पत्रात नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे मी विसरलो तरी तुझ्याकडे राहील.

तुझा,
बाबा

ता. क. : दारावर मानसीने रंगीत तोरण लावलंय, ते छान आहे.